मळी, इथेनॉल आणि १९६८ ची फियाट

होटगी रस्त्यावरील आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये १९६८ ची फियाट ११०० डिलाइट सोळा वर्षे एकाच जागी उभी होती. ती पुन्हा चालती करायचे ठरले, तेव्हा पत्राकाम करणाऱ्या मिस्त्रींनी पिशवीतून हातोडी काढली नाही. त्यांनी फडक्यात गुंडाळलेले एक लहानसे लोहचुंबक काढले आणि ते डाव्या दारावरून वरून खाली सरकवत नेले. खिडकीखाली चुंबक घट्ट धरत होते, कडीपाशी थोडे सैल झाले आणि दाराच्या तळापासून वीतभर उंचीवर आल्यावर ते सरळ खाली पडले. "निम्मं दार लांबीचंच हाय की ओ," असे म्हणून त्यांनी खडूने एक रेघ ओढली. लांबी म्हणजे पत्र्यातील खड्डे बुजवण्याची पुट्टी. ती राळ आणि शंखजिऱ्याच्या भुकटीची असल्यामुळे चुंबक तिला धरत नाही. लांबीचा थर जितका जाड, तितका चुंबक आणि पत्रा यांच्यात दुरावा अधिक, आणि पकड तितकी कमी. अर्ध्या तासात सगळ्या गाडीवर अशा रेघा उमटल्या आणि रंगाखाली दडलेल्या गंजाचा नकाशाच आमच्यासमोर उभा राहिला.

या नकाशात एक गोष्ट चमत्कारिक होती. टप, बोनेट आणि दारांचे वरचे भाग जवळजवळ निर्दोष होते, तर दारांचे तळ, पायाखालचा पत्रा आणि बॅटरीखालची पाटी मात्र चाळणीसारखी झाली होती. लोखंड गंजण्यासाठी ऑक्सिजनइतकेच पाणीही लागते आणि हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय स्वच्छ पोलादावर गंज वेगाने चढत नाही. सोलापूरची हवा वर्षातील बराच काळ याहून कोरडी असते, त्यामुळे उघड्या पत्र्याला इथे मुंबईपेक्षा कितीतरी अधिक आयुष्य मिळते. पण दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके आपल्याकडच्या काळ्या मातीच्या धुळीने बुजतात, आणि ही माती पाणी शोषून फुगणारी व ते दीर्घकाळ धरून ठेवणारी आहे. ओल्या मातीच्या थराखाली ऑक्सिजन कमी पोहोचतो, तर थराच्या कडेला तो भरपूर असतो. एकाच पत्र्याच्या दोन भागांत ऑक्सिजनचे प्रमाण असे वेगळे असले की तिथे एक छोटा विद्युतघटच तयार होतो. त्यात कमी ऑक्सिजनचा भाग ऋणभार सोडून विरघळू लागतो, म्हणजे जिथे हवा पोहोचत नाही तिथलाच पत्रा आधी खाल्ला जातो. कोरड्या गावातली गाडी आतून सडलेली का निघते, याचे उत्तर या विरोधाभासात आहे. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक, कधी कधी सहा पटींपर्यंत असते, म्हणून तो जोडातील दोन पत्रे अक्षरशः उचकटून वेगळे करतो.

गाडीच्या कुळाविषयी इथेच दोन शब्द सांगायला हवेत. ही गाडी ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याला तयार केली, ती कंपनी १९४४ मध्ये स्थापन करणारे वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरातच झाला. याच वालचंदांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवून तिथे साखर कारखाना उभारला. मोटार आणि ऊस यांची ही जोडी आमच्या शेडमध्ये पुढे दोनदा भेटणार होती, एकदा मित्र म्हणून आणि एकदा शत्रू म्हणून.

बिजागऱ्या, कंस, ब्रेकच्या पाट्या असे सुटे भाग स्वच्छ करण्यासाठी घरी विद्युत अपघटन करता येते. प्लॅस्टिकच्या टपात पाणी घेऊन त्यात दर चार लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवायचा, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडायचा आणि धन टोकाला जुन्या साध्या लोखंडाचा तुकडा लावून तो भागाला न चिकटेल असा बुडवायचा. ऋण टोकावर हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, लाल गंजाचा काही अंश काळ्या, भुसभुशीत मॅग्नेटाइटमध्ये बदलतो आणि उरलेली खपली बुडबुडे सुटी करतात. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातील क्रोमियमपासून पाण्यात कर्करोगकारक संयुगे उतरू शकतात. हायड्रोजनचा हिशोबही आधीच करून ठेवावा: ५ अँपिअरचा प्रवाह ८ तास चालला तर १८ लिटरांपर्यंत वायू निघू शकतो, आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की एक ठिणगी पुरते. टप अंगणातच ठेवावा आणि चिमटे काढण्यापूर्वी चार्जर बंद करावा. कडक पोलादाच्या स्प्रिंगा या टपात टाकू नयेत, कारण हायड्रोजन त्यांच्या अंगात शिरून त्यांना ठिसूळ करतो.

मला मात्र दुसरी पद्धत अधिक आवडली, आणि तिचे कच्चे द्रव्य आपल्या जिल्ह्याला नवे नाही. साखर कारखान्यातील मळी, म्हणजे साखर काढल्यावर उरणारा काळा, दाट पाक, एक भाग आणि पाणी नऊ भाग असे मिश्रण करून त्यात गंजलेला भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवला, की मळीतील सेंद्रिय आम्ले आणि त्यांची संयुगे लोहाच्या आयनांना खेकड्याच्या नांगीसारखी पकडतात व विरघळवून घेतात. धातूरूपातील निरोगी पोलादाला ती फारशी इजा करत नाहीत. वीज लागत नाही, ठिणगीचे भय नाही, शिवाय विद्युत अपघटन जिथे समोरासमोरच्या पृष्ठभागावरच नीट चालते, तिथे मळी पोकळ नळीच्या आतही पोहोचते. दोष एवढाच की मिश्रण आंबते, त्यावर फेस येतो आणि वासामुळे शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात. ॲल्युमिनिअमचे आणि जस्ताच्या मिश्रधातूचे भाग यात टाकले तर ते खराब होतात, म्हणून कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, या पिंपापासून दूर ठेवावा. कोणत्याही पद्धतीने स्वच्छ केलेला पत्रा मात्र उघडा सोडू नये. धुतल्यावर काही मिनिटांतच त्याच्यावर नारिंगी झाक चढू लागते, म्हणून तो लगेच कोरडा करून प्रायमर किंवा तेल लावावे.

जुना रंग घासण्यापूर्वी एक सावधगिरी बाळगावी. त्या काळातील अस्तरांत शिशाचे तांबडे ऑक्साइड, म्हणजे आपला शेंदूर, असण्याची शक्यता असते. त्यामुळे पॉलिश पेपर ओला करून घासावे आणि मास्क लावावा. ब्रेकच्या ड्रममधील धूळ कॉम्प्रेसरने उडवणे तर टाळावेच, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते.

इंजिनाकडे वळू. १०८९ घन सेंटिमीटरच्या या चार सिलिंडरच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनिअमचे आहे. पिस्टन गंजाने अडकला असेल तर स्टार्टर मारून किंवा गाडी ढकलून तो सोडवण्याचा मोह आवरावा. प्लगच्या भोकांतून पातळ तेल सोडून आठवडाभर थांबावे, म्हणजे केशाकर्षणाने ते रिंगांपर्यंत उतरते. आमचे तीन पिस्टन चौथ्या दिवशी सुटले. चौथा नवव्या दिवशी हलला, पण त्याच्या बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, चरे निघाले, त्यामुळे लेथवाल्याकडे जाऊन रिबोर करावे, म्हणजे ती भिंत कापून थोडी रुंद करावी लागली. ६८ मिलिमीटरचा बोअर ०.४ मिलिमीटरने वाढवला की इंजिनाची क्षमता सुमारे १३ घन सेंटिमीटरने वाढते. हे गणित माझ्या मामांना इतके आवडले की ते येणाऱ्या प्रत्येकाला गाडीची ताकद वाढल्याचे सांगत असतात. रेडिएटरमध्ये बोअरवेलच्या जड पाण्याने साचलेला चुनखडीचा थर होता. तांबे किंवा पितळ यांच्या तुलनेत हा थर उष्णतेला अत्यंत मंद वाट देतो, त्यामुळे तो सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने काढला आणि यापुढे शुद्ध पाण्यात कूलंट मिसळूनच भरायचे ठरवले.

आता उसाची दुसरी भेट. पंपावरील पेट्रोलमध्ये आज २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्याचा काही भाग साखर कारखान्यांच्या आसवनींतून येतो. या गाडीचे रबर त्यासाठी बनलेले नाही. इंधनाच्या जुन्या नळीचा बोटभर तुकडा मी बरणीत पेट्रोलमध्ये बुडवून ठेवला. दहा दिवसांनी तो इतका फुगला होता की मूळच्या तोटीवर सैल बसू लागला, आणि बाहेर काढून वाळवल्यावर आक्रसून त्याला बारीक चिरा पडल्या. इथेनॉल रबराला फुगवते आणि त्याला मऊ ठेवणारी द्रव्ये बाहेर ओढून नेते, असा याचा अर्थ. गरम इंजिनावर टपकणारे पेट्रोल काय करील हे सांगायला नको, म्हणून सर्व नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या फ्लोरोरबराचे घेतले. इथेनॉल हवेतील पाणीही शोषते. पाणी मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉलमिश्रित पाण्याचा थर टाकीच्या तळाशी वेगळा होतो आणि तिथला पत्रा गंजू लागतो, त्यामुळे महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी अर्धी ठेवू नये.

प्रश्न मिश्रणाच्या प्रमाणाचाही आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला मात्र ९ किलोच पुरते, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासूनच असतो. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण १३.५ किलो हवा पुरते. नव्या गाडीचा संगणक हा फरक ओळखून इंधन वाढवतो, पण कार्ब्युरेटरला फक्त जेटचे, म्हणजे इंधन सोडणाऱ्या तोटीचे, भोक कळते. मिश्रण सुमारे ८ टक्के पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, गाडी खेचताना अडखळते. भोकाचे क्षेत्रफळ ८ टक्के वाढवायचे तर व्यास ४ टक्के वाढवावा लागतो. जेटवरील आकडा मिलिमीटरच्या शतांशात असतो, म्हणून १२० ऐवजी १२५ क्रमांकाचा जेट बसवला आणि प्लगचे टोक पांढुरके दिसायचे ते बदामी दिसू लागले.

नोंदणीबाबत एवढेच, की २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली आणि मूळ रचनेत मोठा फेरबदल न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल यांसारख्या कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज बाजारात न्यायची असेल तर हा मार्ग घेऊ नये.

एप्रिलमध्ये गाडी सुरू झाली आणि मेच्या पहिल्या आठवड्यात अक्कलकोट नाक्यापाशी बंद पडली. ऊन ४२ अंशांचे होते. पेट्रोलमधील हलके घटक ३५ ते ४० अंशांपासूनच उकळू लागतात, इथेनॉलमुळे मिश्रणाचा बाष्पदाब थोडा वाढतो, आणि या गाडीचा पंप इंजिनालाच चिकटलेला असतो. नळीत वाफ साचली की पंप द्रवाऐवजी वाफच दाबत राहतो. मिस्त्रींनी फोनवरून सांगितलेला उपाय जुनाच होता: पंपाभोवती ओले फडके गुंडाळा. ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना ओल्या कापडाचे तापमान २३ अंशांच्या जवळपास उतरू शकते. दमट मुंबईत हे इतके साधले नसते. आता डिकीत जाड सोलापुरी टॉवेलची एक पट्टी आणि पाण्याची बाटली कायम असते. भर दुपारी इंजिनाच्या धगीपुढे ती पट्टी वीस मिनिटांतच वाळते, म्हणून मोहोळपर्यंत जायचे तर दोन बाटल्या घ्याव्या लागतात.