किटेरेत्सूचे खरे पूर्वज

हंगामा वाहिनीवर हिंदीत बोलणारा किटेरेत्सू आपल्याकडच्या मुलांनाही ठाऊक आहे. प्राथमिक शाळेतला हा चष्मेवाला मुलगा सदानकदा यंत्रे जुळवत बसतो आणि शेंडी बांधलेला, पाठीला तलवार लावलेला कोरोसुके नावाचा छोटा यंत्रमानव त्याच्याबरोबर हिंडतो. फुजिको एफ. फुजिओ यांची ही चित्रकथा १९७४ ते १९७७ या काळात मुलांच्या एका मासिकातून प्रसिद्ध झाली. तिच्यावरची दूरचित्रवाणी मालिका १९८८ ते १९९६ अशी चालली आणि तिचे ३३१ भाग झाले. ‘डोरेमॉन’ही फुजिओ यांचाच, पण नोबिताला उपकरणे भविष्यातून आयती मिळतात, तर किटेरेत्सूला ती स्वतःच्या हातांनी करावी लागतात. त्यांची कृती त्याला सापडते ती किटेरेत्सुसाई या पूर्वजाने लिहून ठेवलेल्या ज्ञानकोशात, ज्याची पाने खास चष्म्याशिवाय कोरीच दिसतात.

हा पूर्वज कल्पित असला तरी एदो काळातल्या, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या जपानमध्ये असे लोक खरोखरच होऊन गेले. त्यांपैकी हिरागा गेन्नाई (१७२८–१७८०) हा मला या पात्राच्या सर्वांत जवळचा वाटतो. वनौषधींचा हा अभ्यासक नागासाकीला गेला, तिथून मिळालेले मोडके डच विद्युतयंत्र त्याने १७७६ मध्ये दुरुस्त केले आणि त्याच्या ठिणग्या एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, लोकांना दाखवल्या. विशेष म्हणजे हाच माणूस विनोदी गद्य आणि कळसूत्री रंगभूमीसाठी नाटकेही लिहीत होता. विज्ञानाचे वेड आणि हसवण्याची कला एकाच व्यक्तीत नांदत होती. त्याचा शेवट मात्र तुरुंगात झाला.

कोरोसुकेचीही वंशावळ अशीच जुनी आहे. होसोकावा हानझो याच्या १७९६ मधील ‘काराकुरी झुई’ या ग्रंथात चहा नेणाऱ्या बाहुलीची रचना आकृत्यांसह दिली आहे. तिच्या हातातल्या तबकात पेला ठेवला की ती पाहुण्याकडे चालू लागते, पेला उचलला की थांबते आणि रिकामा पेला परत ठेवल्यावर वळून माघारी जाते. लाकडी दातेरी चाके आणि देवमाशाच्या तोंडातील लवचीक पट्टीची स्प्रिंग यांवर हे सारे चालते. अशाच बाहुल्यांमुळे नावारूपाला आलेल्या तानाका हिसाशिगे याने पुढे टोकियोत कारखाना काढला आणि आजच्या तोशिबा कंपनीचे एक मूळ त्याच कारखान्यात आहे.

म्हणूनच किटेरेत्सूला केवळ पाश्चात्त्य कथांतील माथेफिरू शास्त्रज्ञाची बालआवृत्ती मानणे मला अपुरे वाटते. त्या शास्त्रज्ञाला जग जिंकायचे असते. किटेरेत्सूला यंत्र चालते की नाही एवढेच पाहायचे असते. यंत्र बहुधा चालतेही, आणि खरा गोंधळ सुरू होतो तो ते मित्रांच्या हाती पडल्यावर.