निओबे (प्रशिक्षणनौका)

निओबे ही जर्मन नौदलाची शिडांची प्रशिक्षणनौका 26 जुलै 1932 रोजी दुपारी बाल्टिक समुद्रातील फेमार्न बेटाजवळ अचानक उठलेल्या चंडवातात उलटून बुडाली. जहाजावरील 109 जणांपैकी 69 जणांचा मृत्यू झाला, तर 40 जण वाचले. मृतांमध्ये अधिकारीपदाचे प्रशिक्षण घेणारे तरुण कॅडेट मोठ्या संख्येने होते. किनारा फार दूर नसताना, उन्हाळ्याच्या ऐन दिवसांत आणि अवघ्या काही मिनिटांत ही दुर्घटना घडली. त्यामुळे शिडांच्या प्रशिक्षणनौकांची सुरक्षितता आणि रचना यांसंबंधीच्या चर्चेत निओबेचा उल्लेख वारंवार येतो.

हे जहाज मुळात प्रशिक्षणासाठी बांधलेले नव्हते. 1913 मध्ये डेन्मार्कमधील फ्रेडरिक्सहाउन येथे ते ‘मॉर्टन येन्सेन’ या नावाचे, चार डोलकाठ्यांचे मालवाहू शिडाचे जहाज म्हणून तयार झाले. पुढे ते नॉर्वेतील मालकाकडे गेले आणि 1916 मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात, एका जर्मन पाणबुडीने ते पकडले. त्यानंतरच्या काही वर्षांत त्याची नावे आणि कामे अनेकदा बदलली. 1922 मध्ये जर्मन नौदलाने ते विकत घेतले आणि त्याची पुनर्बांधणी करून त्याला तीन डोलकाठ्यांची ‘बार्क’ बनवले. मूळ मालवाहू जहाजाच्या सांगाड्यावर आडव्या काठ्यांना बांधलेल्या चौकोनी शिडांची नवी मांडणी उभी राहिली. व्हर्सायच्या तहाने जर्मन नौदलाची माणसे 15,000 पर्यंत मर्यादित केली होती आणि त्यांतही अधिकाऱ्यांची संख्या ठरवून दिलेली होती. इतक्या लहान नौदलात प्रत्येक भावी अधिकाऱ्याची पारख काटेकोरपणे होई आणि त्या पारखीचा पहिला टप्पा म्हणजे निओबेवरील काही महिने. वारा ओळखणे, दोरखंड हाताळणे, उंचावर चढून शिडे गुंडाळणे आणि सगळ्यांनी एका हुकमासरशी काम करणे हे वाफेच्या किंवा डिझेलच्या युद्धनौकेवर तितक्या लवकर अंगवळणी पडत नाही, असा त्यामागचा विचार होता.

ग्रीक पुराणकथेतील निओबे ही आपली सगळी मुले देवांच्या बाणांनी मारली गेल्यावर रडत रडत शिळा झालेली माता होय. मुलांना समुद्र शिकवणाऱ्या जहाजाला हे नाव देताना त्या कथेचा शेवट कोणी फारसा मनावर घेतला नसावा.

दुर्घटनेच्या वेळी जहाज कॅप्टन-लेफ्टनंट हाइनरिख रूफुस यांच्या हाताखाली होते. हवा गरम होती आणि वारा बेताचा होता. दूरवर गडगडाटी ढग दिसू लागल्यावर वरची काही शिडे उतरवण्यात आली होती, म्हणजे धोक्याची चाहूलच लागली नव्हती असे म्हणता येत नाही. मात्र उकाड्यामुळे आतल्या खोल्यांत वारा खेळता राहावा म्हणून बाजूच्या गोल खिडक्या, म्हणजे पोर्टहोल, आणि डेकवरील झडपा उघड्या ठेवलेल्या होत्या. चंडवाताचा पहिला तडाखा बसताच जहाज एका बाजूला कलले. उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरले आणि सुमारे चार मिनिटांत ते बुडाले. खालच्या मजल्यावर असलेल्यांना वर येण्याइतका अवधी मिळाला नाही. जवळून जाणाऱ्या ‘टेरेसिया एल. एम. रुस’ या जर्मन मालवाहू जहाजाने सर्व 40 वाचलेल्यांना पाण्यातून काढले. ते जहाज त्या वेळी तेथे नसते, तर मृतांचा आकडा बहुधा आणखी वाढला असता.

हे सगळे इतक्या झटपट का घडले, हे समजण्यासाठी चंडवाताचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. गडगडाटी ढगातून थंड, जड हवा वेगाने खाली येते आणि पाण्याच्या पृष्ठभागावर आदळून चहूबाजूंना पसरते. तिच्या कडेशी वाऱ्याचा वेग क्षणात कित्येक पटींनी वाढू शकतो आणि त्याची दिशाही बदलते. शिडावरील दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. चौकोनी शिडे उतरवायला माणसांना वर चढावे लागते आणि त्याला काही मिनिटे लागतात, पण चंडवात तेवढी सवड देत नाही. तरीही केवळ वाऱ्यामुळे जहाज बुडतेच असे नाही. जहाज जसजसे कलते, तसतसा शिडांवर पडणारा वाऱ्याचा जोर कमी होत जातो, आणि सगळी दारे-खिडक्या बंद असतील तर पुरेसा भार तळाशी असलेले जहाज आडवे झाल्यावरही टिकून राहून, तडाखा ओसरल्यावर पुन्हा उभे राहू शकते. चंडवात बहुधा थोडाच वेळ टिकतो, त्यामुळे अशा वेळी खरा प्रश्न तेवढी काही मिनिटे पाणी बाहेर ठेवण्याचा असतो. ज्या कोनात कलल्यावर पाणी आत येऊ लागते, तो कोन जहाजाच्या आकाराने जितका ठरतो, तितकाच त्या दिवशी कोणती खिडकी उघडी राहिली यानेही ठरतो. शिवाय एकदा आत शिरलेले पाणी कललेल्या बाजूलाच साचते आणि जहाजाला उभे राहण्यास विरोध करते.

ऑगस्ट 1932 मध्ये जहाज समुद्रतळावरून उचलून कील येथे नेण्यात आले आणि आत सापडलेल्या मृतदेहांवर अंत्यसंस्कार झाले. रूफुस यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि ते निर्दोष ठरले. पुढे 1940 मध्ये, नॉर्वेच्या मोहिमेत ब्रिटिश विमानांनी बुडवलेल्या ‘क्योनिग्सबेर्ग’ या क्रूझरचे प्रमुख तेच होते. खटल्यात कप्तानाला दोष देण्यात आला नाही, तरी नौदलाने त्यानंतर बांधलेल्या जहाजाची रचना पाहिली तर धडा कोठे घेतला गेला हे स्पष्ट दिसते. लोकांकडूनही देणग्या गोळा झाल्या आणि हांबुर्गमधील ब्लोम उंट फॉस या कंपनीने सुमारे 100 दिवसांत बांधलेली ‘गोर्च फॉक’ ही नवी प्रशिक्षणनौका 3 मे 1933 रोजी पाण्यात उतरली. जहाज पूर्ण आडवे झाले तरी पुन्हा सरळ व्हावे, या हेतूने तिच्या तळाशी पोलादाचा मोठा भार बसवलेला होता. याच आराखड्यावर पुढे बांधलेल्या जहाजांपैकी एक आज अमेरिकेच्या तटरक्षक दलाकडे ‘ईगल’ या नावाने आणि दुसरे पोर्तुगालच्या नौदलाकडे ‘साग्रेश’ या नावाने आहे.

निओबेच्या आधी 54 वर्षे, 24 मार्च 1878 रोजी, ब्रिटिश नौदलाची ‘युरिडिसी’ ही प्रशिक्षणनौका आइल ऑफ वाइटजवळ हिमवादळाच्या झोतात सापडून बुडाली होती. तिच्याही बाजूची तोफांची झरोके उघडी होती. 300 हून अधिक लोकांपैकी केवळ दोघे वाचले. तिची जागा घेणारी ‘अटालांटा’ 1880 मध्ये बर्म्युडाहून इंग्लंडकडे येताना 281 जणांसह नाहीशी झाली. 1984 मध्ये बर्म्युडाच्या उत्तरेस ‘मार्केस’ ही शिडांची नौका शर्यतीत असताना बुडाली आणि 28 पैकी 19 जण मरण पावले. याउलट 17 फेब्रुवारी 2010 रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर उलटलेल्या कॅनडाच्या ‘कॉन्कॉर्डिया’ या शिडांच्या प्रशिक्षणनौकेवरील सर्व 64 जण तराफ्यांमुळे बचावले. त्या दुर्घटनेच्या चौकशीत वाऱ्याच्या विलक्षण जोरापेक्षा वेळेवर शिडे कमी न करण्याकडे आणि स्थिरतेविषयीची माहिती अधिकाऱ्यांना नीट न समजण्याकडे बोट दाखवण्यात आले.

उचललेली निओबे पुन्हा सेवेत आली नाही. 18 सप्टेंबर 1933 रोजी ‘यागुआर’ या टॉर्पेडो नौकेने तिला लष्करी मानवंदनेसह बाल्टिकमध्ये जलसमाधी दिली. फेमार्नच्या उत्तर किनाऱ्यावर, गामेनडॉर्फच्या समुद्रकाठी, मृतांचे स्मारक आहे.