बचत गट की फायनान्सचा गट?

जळगाव जिल्ह्यात यावल-रावेरकडे एखादीला विचारलं, केळी वेफर्सच्या धंद्याला पैसे कुठून उभे केले, तर उत्तर येतं, "गटातून." कोणत्या गटातून, हे मात्र खोदून विचारावं लागतं.

बचत गटात दहा ते वीस बाया ठरलेली बचत टाकतात आणि त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात. नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या सरकारी बँकेने 1992 पासून असे गट बँकांशी जोडायला घेतले. आता गावोगाव 'उमेद' (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) नाहीतर 'माविम' (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांचे गट दिसतात. फायनान्स कंपनीच्या गटात बचत नसते. चार-पाच जणी एकमेकींना जामीन राहतात, कर्ज प्रत्येकीच्या नावावर, आणि हप्ता न्यायला कंपनीचा माणूस, म्हणजे 'सर', ओट्यावर हजर.

व्याजाची गंमत बघा. बचत गटातही अंतर्गत कर्जाला महिना दोन टक्के सर्रास लावतात, म्हणजे वर्षाला चोवीस. कंपनीचा दरही बऱ्याचदा तेवढाच. पण दहा हजारांवरचे महिन्याचे दोनशे रुपये बचत गटाच्या पेटीत पडतात आणि पुढच्या बाईच्या कामी येतात. कंपनीला दिलेले गावाबाहेर गेले ते गेले. शिवाय पात्र महिला गटांना बँकेकडून 3 लाखांपर्यंत 7 टक्क्यांनी कर्ज मिळायची सोय आहे, तिथे तर तुलनाच नको.

माझ्या मते व्याजापेक्षा हप्त्याची वेळ जास्त नडते. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करणारीचंच घ्या. ज्वारी, तीळ, लसणाला पैसे लागतात उन्हाळ्यात, माल खपतो पुढे वर्षभर थोडा थोडा. कंपनीचा हप्ता मात्र बिबडे खाटेवर वाळत असतानाच सुरू होतो. मग तो भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज. कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे. पण फॉर्मवर उत्पन्न किती लिहिलंय, हे बाईने एकदा वाचून घ्यावं. बचत गटात निदान बैठकीत बोलून हप्ता पुढे ढकलता येतो.

सगळा दोष कंपनीच्या माथी मारणंही बरोबर नाही. पैसे लवकर मिळतात, आणि वेळेवर फेडले तर बाईच्या स्वतःच्या नावावर पत तयार होते. उलट कितीतरी बचत गटांत अध्यक्षीणबाईंचाच नंबर आधी लागतो आणि वह्या कोऱ्या!

तरीही दोन्हीकडची रक्कम छोटीच. घर-शेत पुरुषाच्या नावावर, तारण द्यायला बाईकडे काही नाही, म्हणून तर ती गटाकडे वळते. वेफर्सचं पॅकिंग मशीन घ्यायचं तर तिसरीकडेच जावं लागतं: 10 लाखांपर्यंत विनातारण मुद्रा कर्ज (केंद्राच्या योजनेतलं छोट्या धंद्याचं बँक कर्ज), किंवा 2020 मध्ये आलेली केंद्राचीच सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना, जिच्यात प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख अनुदान ठेवलं आहे. तिथे जाताना उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) आणि मशीनचं कोटेशन बाईच्या नावाचं हवं. बहुतेक घरांत ही कागदं काढायला नवरा जातो आणि स्वतःचंच नाव टाकून येतो.