रहाडीचा केशरी १२० अंशांनी फिरवला तर

रंगपंचमी झाली की पुढचे काही दिवस नाशिककरांच्या मोबाइलवर रहाडींचे, म्हणजे रंगीत पाण्यानं भरलेल्या जमिनीतल्या दगडी हौदांचे, व्हिडिओ फिरत राहतात. दिल्ली दरवाज्याची केशरी, तिवंध्याची पिवळी, शनी चौकातली गुलाबी. पेशवाईपासूनची परंपरा, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. रीलमध्ये मात्र एकच रहाड बघता बघता केशरीची हिरवी आणि हिरवीची जांभळी होते. धप्पा मारणारी पोरंही तिच्यासोबत रंग बदलत पाण्यात शिरतात. खाली हमखास कुणीतरी लिहितं, 'एआयची कमाल!' या परिणामाला एआयची काहीच गरज नाही. दहावीतल्या साइन आणि कोसाइनवर सगळं भागतं, आणि ते कसं, हे एकदा आकडे घालून बघण्यासारखं आहे.

आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात, म्हणून कॅमेराही लाल, हिरवा आणि निळा असे तीनच प्रकाश मोजतो. प्रत्येकाला ० ते २५५ मधला एक आकडा. व्हिडिओची फाइल बनताना मात्र हे आकडे सहसा जसेच्या तसे ठेवले जात नाहीत. आधी त्यांच्यातून उजळपणा वेगळा काढतात. एचडी व्हिडिओचं सूत्र असं: लालचा ०.२१२६ भाग, हिरव्याचा ०.७१५२ आणि निळ्याचा ०.०७२२. हिरव्याला एवढा मान, कारण आपल्या डोळ्याला जाणवणारा बहुतेक उजळपणा त्याच भागातून येतो. या बेरजेला वाय म्हणतात. मग उरतात दोन आकडे. निळा या वायपेक्षा किती पुढे-मागे आहे ते सांगतो सीबी, आणि लाल किती पुढे-मागे आहे ते सांगतो सीआर.

ही फारकत जुनी आहे. जॉर्ज व्हालांसी या फ्रेंच इंजिनिअरनं १९३८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावरही लोकांच्या घरातले कृष्णधवल टीव्ही चालत राहावेत, म्हणून उजळपणा स्वतंत्र पाठवायचा, ही त्यामागची युक्ती. आजच्या मोबाइललाही ती सोयीची पडते. डोळा उजळपणातले बारकावे नेमके टिपतो, पण रंगाच्या बाबतीत ढिला असतो. म्हणून बहुतेक व्हिडिओत चार पिक्सेलना वाय चार, पण सीबी-सीआरची जोडी एकच. डेटा थेट निम्मा.

आता कागदावर दोन अक्ष काढा. आडवा सीबी, उभा सीआर. मधोमध शून्य. काळा, पांढरा आणि सगळे करडे रंग त्याच बिंदूवर बसतात, कारण त्यांच्यात फरक फक्त वायचा. मध्यापासून जितकं लांब जाल, तितका रंग भडक. आणि कोणत्या दिशेला जाता, त्यावर रंगछटा ठरते. म्हणजे सगळे रंग एका ताटात गोलाकार मांडलेले आहेत. छटा बदलायची तर ताट फिरवायचं. उजळपणाला हातही लागत नाही, म्हणून पाण्याच्या लाटा, चेहऱ्यावरच्या सावल्या, कपड्यांच्या चुण्या जागच्या जागी राहतात.

केशरी पाण्याचा एक पिक्सेल घेऊ: लाल २४०, हिरवा १३०, निळा ३०. वाय येतो १४६. निळा वायपेक्षा बराच कमी, म्हणून सीबी उणे ६३. लाल बराच जास्त, म्हणून सीआर ६०. (सूत्रात या फरकांना अनुक्रमे १.८५५६ आणि १.५७४८ नं भागतात.) आता ताट १२० अंश फिरवा. नवा सीबी म्हणजे जुना सीबी गुणिले कोसाइन, वजा जुना सीआर गुणिले साइन. नवा सीआर म्हणजे जुना सीबी गुणिले साइन, अधिक जुना सीआर गुणिले कोसाइन. १२० अंशांचा कोसाइन उणे ०.५ आणि साइन ०.८६६. उत्तर येतं उणे २० आणि उणे ८४. उलटं गणित करून परत लाल-हिरवा-निळ्यात आलात, की मिळतं लाल १४, हिरवा १८९, निळा १०८. झकास पाचूसारखा हिरवा, आणि वाय तोच, १४६. हेच गणित दर सेकंदाला तीस फ्रेममधल्या लाखो पिक्सेलवर चालतं. कोन दर फ्रेमला थोडा वाढवत गेलात, की रंग वाहू लागतात.

आणखी १२० अंश फिरवलं, तर अडचण येते. आता निळ्याचा आकडा निघतो ३००, आणि पडद्याची मजल २५५ पर्यंतच. वरचं सगळं छाटलं जातं. शेजारच्या पिक्सेलचा निळा २७० असो की ३००, दोघेही २५५ च होतात आणि पाण्यातल्या नाजूक छटा सपाट होतात. जांभळ्या रीलमध्ये दिसणारे ते प्लास्टिकसारखे पट्टे यातूनच येतात. उपाय सोपा आहे. फिरवण्याआधी भडकपणा ७० टक्क्यांवर आणा. आपल्या पिक्सेलचा निळा मग २५४ वर थांबतो. एफएफएमपेग या मोफत प्रोग्राममधलं 'ह्यू' नावाचं फिल्टर नेमकं असंच फिरवतं, आणि त्यात भडकपणाचा आकडाही देता येतो.

तिवंध्याच्या पिवळ्याचं दुखणं वेगळं. शुद्ध पिवळ्याचा वाय २३७, शुद्ध निळ्याचा अवघा १८. उजळपणा कायम ठेवून पिवळा १८० अंश फिरवला, तर तेवढा उजळ निळा पडद्यावर नाहीच. हाती येतो फिकट निळसर पांढरा. काही ॲप हे फिरवणं एचएसव्ही नावाच्या दुसऱ्या पद्धतीनं करतात. ती १९७८ ची, चित्रकाराला रंग निवडणं सोपं जावं अशी. तिच्यात पिवळ्याचा खराखुरा निळा होतो, पण उजळपणा २३७ वरून १८ वर कोसळतो. हळदीच्या रंगात न्हालेला माणूस अचानक अंधारात गेल्यासारखा दिसतो. मला पहिली पद्धत जास्त आवडते. रंग फिका पडला तरी चालेल, पण प्रकाश खोटा वाटता कामा नये.

फक्त पाण्याचा रंग बदलायचा असेल, तर गुलाबी आणि पिवळी रहाड त्यातल्या त्यात सोपी. केशरी सर्वांत अवघड, कारण माणसाची त्वचा! गोरी, गव्हाळ, सावळी, काळी, कोणतीही त्वचा या ताटात जवळपास एकाच रेषेवर येते, साधारण १२३ अंशांवर. माणसा-माणसांतला फरक छटेचा फारसा नसतोच, तो मुख्यतः उजळपणाचा असतो. आपला केशरी पिक्सेल १३६ अंशांवर आहे, म्हणजे त्वचेला अगदी खेटून. पाणी निवडायला जावं, तर खांदे आणि दंडही सोबत येतात. सिनेमावाले मागे हिरवा पडदा लावतात त्यामागेही हेच कारण आहे. हिरवा त्वचेपासून शंभर अंशांहून दूर आहे.

हे गणित माहीत असलं, की खोटे व्हिडिओ पकडता येतात. गोदावरीला पूर आला किंवा पर्वणी जवळ आली, की 'पाण्यानं रंग बदलला, दैवी संकेत' असलं काहीतरी फिरू लागतं. सिंहस्थात त्याला आणखी ऊत येईल. अशा वेळी पाण्याकडे बघूच नका, नाशिकच्या गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघा. सगळं ताट फिरवलं असेल, तर त्याचा शेंदूरही फिरलेला असणार. शेंदूर जागेवर असेल, तर पाण्याची कड बघा. चार पिक्सेलना रंगाची जोडी एकच असल्यामुळे खोटा रंग घाटाच्या पायऱ्यांवर अनेकदा सांडतो. अर्थात रंग बदललेलं प्रत्येक पाणी खोटं नसतं. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं सरोवर खरोखर गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्याला कारण असल्याचं दाखवलं. त्यात संकेत कसलाच नव्हता. प्रदर्शनांतून पैसे घेऊन 'तुमचं आभामंडळ' दाखवणारी यंत्रंही तळहाताखालच्या पट्टीवर त्वचेची विद्युतवाहकता मोजतात आणि सॉफ्टवेअरनं तुमच्या चित्रावर रंग चढवतात. त्यावरून कुणी आजार सांगू लागलं, तर तिथून सरळ उठावं.

रंगांच्या ज्या फिरण्यासाठी आज आपण ॲप उतरवतो, ते एके काळी इंजिनिअरांची डोकेदुखी होतं. रंगीत टीव्हीच्या अमेरिकेतल्या १९५३ च्या एनटीएससी पद्धतीत रंगछटा एका लहरीच्या कलेत (फेजमध्ये) दडवलेली असे. वाटेत कला जरा सरकली, की आख्खं ताट फिरे आणि निवेदिकेचा चेहरा हिरवट दिसे. जर्मनीत वाल्टर ब्रुख यांनी पाल पद्धत काढली. रंगीत टीव्ही १९८२ मध्ये भारतात आला तो याच पद्धतीनं. तिच्यात एका घटकाचं चिन्ह एकाआड एक ओळीत उलटं करतात. चूक २० अंशांची असेल, तर एका ओळीत ती अधिक २० होते आणि पुढच्या ओळीत उणे २०. दोन्हींची सरासरी काढली, की छटा बरोबर जागेवर येते. भडकपणा तेवढा २० अंशांच्या कोसाइनइतका, म्हणजे ०.९४ पट उरतो. सहा टक्क्यांचं नुकसान सोसून चेहरे वाचले!

स्वतः प्रयोग करणाऱ्यांनी वेग मात्र सांभाळावा. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये एका कार्टून मालिकेत लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटूनपालटून चमकले, आणि साडेसहाशेहून जास्त जणांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं. काहींना झटके आले होते. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा झगमगाट नको, असा वेबसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि भडक लाल तर जास्तच धोक्याचा. तीस फ्रेमच्या व्हिडिओत दर फ्रेमला तीन अंश फिरवले, तर पूर्ण फेऱ्याला चार सेकंद लागतात. रंग वाहताना दिसायला तेवढा वेग पुरतो.