मार्से : प्रवासी वाहतूक

मार्से (मार्सेल्स) : फ्रान्सच्या आग्नेय किनाऱ्यावरील भूमध्य सागरी बंदर व लोकसंख्येने पॅरिसखालोखालचे शहर. चुनखडीच्या डोंगरांनी जमिनीकडून वेढलेल्या या शहरात येण्या-फिरण्याचे मार्ग दोन गोष्टींनी ठरवले : शहराच्या मधोमध शिरलेली लॅसिडॉन ही चिंचोळी खाडी, म्हणजेच आजचे जुने बंदर, आणि तिच्या काठचे चढ.

या खाडीत फोसीआचे (आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील नगर) ग्रीक प्रथम केव्हा उतरले याविषयी प्राचीन लेखकांत एकमत नाही. टायमीअसने वसाहतीचा काळ सॅलमिसच्या लढाईपूर्वी (इ. स. पू. ४८०) १२० वर्षे, म्हणजे इ. स. पू. ६०० च्या सुमाराचा दिला आहे. प्रोटिस व स्थानिक राजकन्या जिप्टिस यांच्या विवाहाची जस्टिनने दिलेली कथा याच परंपरेतली. उलट आयसॉक्राटीझ व पॉसेनिअस हे इराण्यांनी फोसीआ जिंकल्यावर (इ. स. पू. सु. ५४५) पळालेल्यांना संस्थापक मानतात. सँ-लोराँ टेकडीवर सापडलेली ग्रीक खापरे इ. स. पू. सहाव्या शतकाच्या आरंभीची असल्याने पहिले मत अधिक ग्राह्य ठरते. दुसऱ्या मतात नंतर आलेल्या निर्वासितांची आठवण उरली असावी. १९६७ पासूनच्या उत्खननात सापडलेला प्राचीन धक्का आज पाण्यापासून दूर, शेअरबाजाराच्या इमारतीमागील बागेत आहे. खाडीचे ते टोक गाळाने भरत गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उत्तरेकडे ला झोलिएत येथे नव्या गोद्या झाल्या आणि मोठ्या बोटी तिकडे लागू लागल्या. सुएझ कालवा (१८६९) खुला झाल्यावर मुंबईहून इंग्लंडला जाणारे अनेक प्रवासी मार्सेला उतरून आगगाडीने इंग्लंडसमोरील कॅले या फ्रेंच बंदराला जात. जिब्राल्टरचा वळसा त्यामुळे वाचे. महात्मा गांधी गोलमेज परिषदेसाठी जाताना ११ सप्टेंबर १९३१ रोजी येथेच उतरले. ८ जुलै १९१० रोजी वि. दा. सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीवरून उडी घेतली तीही याच बंदरात. फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून बोटीवर परत दिले व त्यावरून उद्भवलेल्या वादात हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी ब्रिटनच्या बाजूने निर्णय दिला. पोहून गेलेल्या अंतराचे आकडे चरित्रांत जुळत नाहीत. बोट बंदराच्या आतच उभी होती हे पाहता लहान आकडे अधिक संभवनीय वाटतात. मराठी प्रवासी ही जागा बहुधा जुन्या बंदरावर शोधतात. सागरी बोटींचा विचार करता ती उत्तरेकडील गोद्यांत शोधणे योग्य. कॉर्सिकाच्या फेरीबोटी आजही ला झोलिएतहून सुटतात.

लोहमार्ग डोंगराखालून आला. सुमारे ४.६ किमी. लांबीच्या नेर्त बोगद्यामुळे आव्हीन्याँकडील गाडी १८४८ मध्ये सँ-शार्ल स्थानकात पोहोचली. स्थानक उंचवट्यावर आहे. खाली शहरात उतरणारा १०४ पायऱ्यांचा भव्य जिना १९२५ च्या सुमारास बांधून झाला, औपचारिक उद्घाटन मात्र १९२७ चे. २००१ पासून पॅरिसहून अतिवेगवान गाडी सुमारे तीन तासांत येते. विमानतळ वायव्येस मारिन्यान येथे असून तेथून सँ-शार्लला बस आहे.

जुने बंदर ओलांडणे हा शहराचा जुना प्रश्न. नगरभवनापासून समोरच्या काठापर्यंत १८८० पासून छोटी फेरीबोट चालते. अंतर जेमतेम २८० मी. खाडीच्या मुखावर फेर्दिनां आर्नोदँ याने १९०५ मध्ये वाहक पूल उभारला. दोन लोखंडी मनोऱ्यांमध्ये उंचावर १६५ मी. लांबीची तुळई होती व तिच्यावरून धावणाऱ्या गाड्याला तारांनी टांगलेला पाळणा पाण्यालगत माणसे आणि वाहने पलीकडे नेई. डोलकाठ्यांची जहाजे खालून जाऊ शकत, आणि दोन्ही काठांवर उंच चढणरस्ते बांधावे लागत नसत. ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मन सैन्याने पूल उडवला. उरलेला मनोरा पुढच्या वर्षी पाडला. बंदराचे ते देखणे प्रवेशद्वार पुन्हा उभे राहिले नाही, ही मोठीच हानी म्हटली पाहिजे.

नोत्र-दाम द ला गार्द (अभिषेक १८६४) या टेकडीवरील चर्चसाठी १८९२ मध्ये पाण्याच्या भारावर चालणारी उतारावरील लिफ्ट सुरू झाली. वरच्या डब्याखालील टाकीत पाणी भरले की तो उतरे आणि तारेने जोडलेला दुसरा डबा वर चढे. पाणी खालून पंपाने पुन्हा वर नेत. मोटारींच्या स्पर्धेमुळे ती १९६७ मध्ये बंद पडली व १९७४ मध्ये मोडून काढली. हल्ली जुन्या बंदराहून ६० क्रमांकाची बस वर जाते.

रबरी चाकांची मेट्रो १९७७ ची, तिचा दुसरा मार्ग १९८४ चा. दोन्ही सँ-शार्लला मिळतात. ट्राममध्ये ६८ क्रमांकाचा मार्ग विशेष : १८९३ च्या नोआय बोगद्यातून जात असल्याने १९६० पर्यंत इतर सर्व मार्ग बंद झाले तरी तो टिकला, आणि २००७ मध्ये नव्या जाळ्यात सामावला गेला.

इफ किल्ला (बांधकाम १५२४ पासून) व फ्रिऊल बेटे येथे जुन्या बंदराहून बोटी जातात. मिस्त्राल हा उत्तरेकडून येणारा थंड वारा जोरात असेल तर इफला बोट लागत नाही. दक्षिणेकडील कलांक या कडेकपारींच्या खाड्या २०१२ पासून राष्ट्रीय उद्यानात आहेत. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यानुसार तेथील प्रवेश रोज ठरतो. सुजिताँ खाडीसाठी २०२२ पासून उन्हाळ्यात विनामूल्य पूर्वनोंदणी आवश्यक असून गर्दीच्या दिवसांत रोज सुमारे ४०० जणांनाच सोडतात, कारण पायांखाली माती वाहून जाऊन पाइनची मुळे उघडी पडू लागली होती.