जबाबदारीची जाणीव, विद्यार्थ्यांमधील : कौटुंबिक पार्श्वभूमीचा प्रभाव

आपल्या वाट्याचे काम कोणी न सांगता वेळेवर करणे आणि ते बिघडल्यास त्याचा दोष स्वतःकडे घेणे, ही शालेय वयात हळूहळू घडणारी वृत्ती होय. घरच्या सामाजिक व आर्थिक स्थितीचा तिच्यावर परिणाम होतो. मात्र उत्पन्न वाढले की ही जाणीव वाढते किंवा घटते, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. मुलाच्या कामावाचून घराचे अडते की नाही, हे अधिक निर्णायक असते. अमेरिकेतील महामंदीच्या झळा सोसलेल्या मुलांचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांना, उत्पन्न घटलेल्या घरांतील मुलगे मिळकतीच्या कामाकडे, तर मुली घरकामाकडे वळल्याचे आढळले. कामगारवर्गीय पालक आज्ञाधारकपणाला व मध्यमवर्गीय पालक स्वयंनिर्णयाला अधिक मोल देतात, असे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मेल्विन कोन यांनी दाखवले. म्हणजे ‘जबाबदार मूल’ कोणाला म्हणावे, हेच घराघरांत बदलते.

सातारा व सांगली जिल्ह्यांत ही भिन्नता ठळकपणे दिसते. माण, आटपाडी, जत या कमी पावसाच्या तालुक्यांत शेळ्यामेंढ्या, वैरण आणि पाणी ही कामे मुलांच्या अंगवळणी लवकर पडतात. खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक सोनेचांदी शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी परराज्यांत जातात. अशा घरांतून आजीआजोबांजवळ राहिलेल्या मुलावर वयाआधीच वडीलधारेपण येऊ शकते. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात तोडणीला आलेल्या टोळीतील मुलगी दिवसभर कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीवर) धाकटे भावंड सांभाळते, पण शाळेच्या हजेरीपटावर तिची नोंद ‘अनियमित’ अशीच होते. गृहपाठ आणि हजेरी एवढ्यावरच जबाबदारी जोखणाऱ्या शाळेला हे काम दिसत नाही, हा त्या मोजमापाचा दोष मानावा लागेल.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाकासह आपली कामे स्वतः करीत आणि शिकत. गरिबाघरच्या मुलाला ठाऊक असलेले श्रमच येथे शिक्षणाचा भाग झाले. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे बोधवाक्य त्याच धोरणातले आहे.

बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास मनाई असून, घरच्या बिनधोक व्यवसायात शाळेच्या वेळेनंतर व सुट्टीत केलेल्या मदतीला तीतून सूट आहे. कोपीवरच्या मुलीचा दिवस या सवलतीत बसत नाही, कारण तिचे काम शाळेच्या वेळेतच असते.