सरपंचकी ते खासदारकी: फॉर्म भरायचाय तर कागद आत्तापासून जमवा

आपल्या मराठवाड्यात गावाकडून दिल्लीला गेलेली माणसं कमी नाहीत. विलासराव देशमुख 1974 ला बाभळगावचे सरपंच झाले अन् पुढं मुख्यमंत्री, केंद्रात मंत्री, आणि शिवराज पाटील चाकूरकर लातूरचे नगराध्यक्ष होते, नंतर 1980 पासून सलग सात वेळा लोकसभेवर. म्हणून पोरं विचारतात की खासदारकीच्या फॉर्मला आधी झेडपी केलेली लागती का, तर नाही, कायद्यात तशी अट कुठंच नाही. उलट जास्त अटी गावातच आहेत आणि तिथंच चांगली माणसं बाद होतात, त्याचं लई वाईट वाटतं.

ग्रामपंचायतीला वय 21 पूर्ण, गावच्या मतदार यादीत नाव, घरी संडास असून तो वापरता याचं प्रमाणपत्र. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं लेकरू झालं असंल तर अपात्र, ही अट पंचायत समिती अन् झेडपीला पण आहे. घरपट्टीचं बिल आल्यावर तीन महिन्यांत भरलं नाही तर अडचण, गायरानावर अतिक्रमण घरच्यांनी केलेलं असलं आणि तुम्ही तिथं राहत असलात तरी अडचण. जन्म 1995 किंवा नंतरचा असंल तर सातवी पास लागतंय.

राखीव जागेला नुसता जातीचा दाखला पुरत नाही, व्हॅलिडिटी म्हणजे जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं, किंवा निदान त्या समितीकडं अर्ज केल्याची पावती अन् हमीपत्र, आणि मग ठरलेल्या मुदतीत व्हॅलिडिटी दिली नाही तर निवडून आलेलं पद जातं. आता ज्यांना कुणबी दाखले मिळायलेत त्यांनी निवडणूक लागायची वाट बघू नका, आत्ताच समितीकडं फाईल टाका.

लोकसभेला वय 25, नाव देशातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत चालतं, फक्त दुसरीकडचं असंल तर यादीची प्रमाणित प्रत जोडा. तिसऱ्या लेकराची अट इथं नाही. फॉर्म 2अ, सोबत फॉर्म 26 चं शपथपत्र, अनामत 25,000, एससी-एसटीला 12,500. पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे हा आमचा अधिकृत उमेदवार असं पक्षानं दिलेलं पत्र, शेवटच्या दिवशी दुपारी 3 च्या आत. मान्यताप्राप्त पक्षाला सूचक (उमेदवाराचं नाव सुचवून फॉर्मवर सही करणारा मतदार) एक, अपक्षाला दहा, आणि सूचक त्याच मतदारसंघाचे पाहिजेत, म्हणजे परतूरचा माणूस जालना जिल्ह्यातला असला तरी तो परभणी लोकसभेलाच सूचक होतो, औशाचा माणूस लातूरला नाही तर उस्मानाबाद मतदारसंघाला, त्यामुळं जिल्हा बघून सह्या घेऊ नका.

शपथपत्रात एकही रकाना मोकळा सोडायचा नाही, काही नसंल तिथं निरंक लिहा. गुन्हे, बायकोच्या नावची जमीन, सोसायटीचं कर्ज, सगळं खरं टाका. फॉर्म भरायच्या किमान एक दिवस आधी खर्चाचं वेगळं बँक खाते उघडा. फॉर्म दिल्यावर राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते, ती छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत घेऊन टाका, राहू देऊ नका.

हरलात तरी खर्चाचा हिशोब द्यावाच लागतो, लोकसभेला निकालापासून 30 दिवसांत, नाहीतर आयोग तीन वर्षं अपात्र करू शकतो, आणि ग्रामपंचायतीला हिशोब बुडवला तर पाच वर्षं, म्हणून हिशोब दिल्याची पोच सांभाळून ठेवा, पुढच्या निवडणुकीत कुणी हरकत घेतली की तीच दाखवायची असते.